ताप उतरला, म्हणजे जंतू गेला का?

(पावसाळ्याआधी झालेल्या संघाच्या सभेत मी जे बोलले ते लिहून द्या, असं कार्यकारिणीच्या तायांनी सांगितलं. तेंदूपत्ता तोडायला गेल्यामुळे ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी हे खास. बोलले तसंच ठेवलं आहे, फक्त थोडं नीट लावलं आहे.)

मावश्यांनो, काकूंनो, तायांनो आणि माझ्या वयाच्या मैत्रिणींनो,

आज हिवतापावर बोलणार म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतून आवाज आला, "हिवतापाचं काय सांगतेस पोरी, आम्ही लहानपणापासून पाहून रायलो." खरं आहे. तुम्ही जितक्या वेळा गोधडीत कुडकुडल्या असाल, तितकी माझ्या नोकरीची वर्षंही झाली नाहीत. म्हणून हिवताप कसा असतो हे मी सांगणार नाही. तो पुन्हा पुन्हा का येतो, एवढंच सांगते.

हा विषय मला सुचला तो गटांचं दप्तर तपासताना. कर्जाच्या रजिस्टरमध्ये कारणाचा रकाना असतो. धानाचं बी, शेळी, पोराची फी, लग्न. आणि पावसाळा लागला की एक शब्द वाढत जातो: 'दवाखाना'. एका ताईनं एकाच पावसाळ्यात दोनदा 'दवाखाना' लिहून कर्ज उचललं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "पहिल्यांदा बरी झाली होती मॅडम. मंग पुन्हा आला."

हे 'मंग पुन्हा आला' म्हणजे काय? पुन्हा डास चावला, हे एक कारण असू शकतं. पण प्रत्येक वेळी तेच नसतं. कधी कधी तो गेलेलाच नसतो. रूप बदलून तो आपल्याच अंगात बसलेला असतो.

आधी आपल्या शरीराचं बघू. आपल्या अंगात रोगाशी लढणारी एक व्यवस्था आहे, तिला प्रतिकारशक्ती म्हणतात. तिला गावचा कोतवाल समजा. नवा माणूस गावात शिरला की कोतवाल त्याचा चेहरा, कपडे बघतो. चोर निघाला तर त्याची खूण लक्षात ठेवतो, आणि त्याच खुणेवर नेमकी बसेल अशी हत्यारं तयार करतो. त्या हत्यारांना प्रतिपिंडं म्हणतात. ती तयार व्हायला काही दिवस लागतात. पण एकदा झाली की तोच चोर पुन्हा आला तर वेशीवरच पकडला जातो.

गोवराचं असंच होतं. एकदा गोवर निघाला की पुन्हा सहसा निघत नाही, कारण गोवराचा विषाणू आपला चेहरा कोतवालाला चकवेल इतका बदलत नाही. देवीच्या रोगाचंही तसंच होतं. तुमच्यातल्या म्हाताऱ्या मावश्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण अजून असेल. एका लसीनं ओळख पटवून दिली, ती कामी आली, आणि १९८० मध्ये जगातून देवी संपल्याचं जाहीर झालं.

मग हिवताप दरवर्षी का? कोतवाल झोपला आहे का?

नाही. कोतवाल जागाच आहे. पण समोरचा चोर बहुरूपी आहे.

पूर्वी गावात बहुरूपी यायचे, आठवतं ना? आज पोलीस बनून येणार, उद्या शंकर, परवा आणखी काही. माणूस तोच, पण लहान पोरं दरवेळी फसायची. आपल्याकडचा जो जास्त घातक हिवताप आहे, ज्याला आशाताई 'पीएफ' म्हणतात, त्याचा जंतू नेमकं हेच करतो.

डास चावला की जंतू आधी यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये जातो. तिथे वाढून रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशीत शिरतो. पेशीच्या आत बसला की त्याला दोन दिवस लागतात. दोन दिवसांत एकाचे पंधरा-वीस होतात, पेशी फुटते, आणि सगळे नव्या पेशी शोधतात. पेशी फुटतात तेव्हा आपल्याला थंडी वाजते, ताप चढतो.

आता तुम्ही म्हणाल, पेशीच्या आत लपलाय तर कोतवालाला दिसणारच नाही, मग वेश बदलायची गरज काय? गरज आहे. आपल्या डाव्या बरगडीखाली प्लीहा नावाचा अवयव आहे. तो रक्ताची चाळणी आहे. खराब, कडक झालेल्या पेशी तो गाळून टाकतो. जंतू शिरलेली पेशी कडक होते, म्हणजे ती चाळणीत अडकणार. (ज्या लेकरांना वारंवार हिवताप होतो, त्यांचं पोट डाव्या बाजूला टणक लागतं, ते या चाळणीवर काम वाढून ती सुजल्यामुळे.) चाळणीकडे जायचंच नाही म्हणून जंतू काय करतो, तर पेशीच्या बाहेरच्या अंगाला आकडे काढतो आणि बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला ती पेशी अडकवून ठेवतो. पुरात वाहून जाऊ नये म्हणून आपण झाडाला धरून राहतो तसं.

पण आकडा बाहेर काढला की तो कोतवालाला दिसतो! कोतवाल त्या आकड्याची खूण घेतो, हत्यारं बनवतो, आणि तसा आकडा असलेल्या पेशी मारत सुटतो. इथे जंतूची खरी चलाखी आहे. त्याच्याजवळ वेगवेगळ्या आकड्यांचे साधारण साठ नमुने असतात. साठ साड्यांची पेटीच म्हणा. एका वेळी तो एकच नेसतो. लाल साडी ओळखून कोतवाल लाल साडीवाल्यांना मारत असतो, तोवर थोड्यांनी हिरवी नेसलेली असते. लालवाले मेले, ताप उतरला, बाईला बरं वाटलं, ती रोवणीला गेली. इकडे हिरवीवाले वाढत आहेत. आठ-पंधरा दिवसांत कोतवाल हिरवी ओळखायला शिकतो, तोवर पिवळी निघते. औषध घेतलं नाही, तर हा खेळ महिनोन्‌महिने चालू शकतो.

इथे जरा थांबते, कारण आपल्या गावातल्या एका मोठ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे. ताप लाटेसारखा येतो आणि जातो. तो चढलेला असताना आपण जे काही करू, त्यानंतर तो उतरणारच असतो. पुजाऱ्यानं झाडपाला दिला, ताप उतरला. मेडिकलमधून एक गोळी आणली, ताप उतरला. काहीच केलं नाही, तरी उतरला. आणि आपण म्हणतो, गुण आला. मी पुजाऱ्यांचा अपमान करत नाही. अडीअडचणीला गावाला त्यांनीच धीर दिला आहे. पुजाऱ्याकडे जायचं तर जा. पण आधी आशाताईकडे बोट टोचून रक्त द्या, मग जा. कारण ताप उतरणं हा पुरावा नाही. तो फक्त साडी बदलायचा वेळ असू शकतो.

दुसरी गोष्ट. एकाच घरात आजीला नुसतं अंग दुखतं, आणि नातवाला झटके येतात, असं का? आजीच्या कोतवालानं आयुष्यभरात बऱ्याच साड्या पाहिल्या आहेत. नातवाच्या कोतवालानं एकही पाहिलेली नाही. म्हणून पाच वर्षांखालच्या लेकरांना या तापाचा धोका सगळ्यात जास्त. त्या अडकलेल्या पेशी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचल्या तर मेंदूचा हिवताप होतो. लेकरू गुंगीत जातं, झटके येतात, पाणी पीत नाही. तेव्हा वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा.

आणि आजी? तिला ताप नाही म्हणजे जंतू नाही असंही नाही. थोडे जंतू अंगात घेऊन ती हिंडत-फिरत असते. तिला चावलेला डास नंतर नातवाला चावतो. म्हणून आरोग्य खात्याचे लोक गावात येऊन ताप नसलेल्यांचंही रक्त घेतात, तेव्हा "मले काय झालं?" म्हणून घरात लपू नका.

आता गरोदर बायकांचं. हे मला कॉलेजात असताना माहीत नव्हतं, इथे आल्यावर कळलं, आणि कळलं तेव्हा मी हादरले. त्या साठांपैकी एक आकडा असा आहे की तो फक्त वारेला अडकतो. वार म्हणजे बाळाला पोसणारी, बाळंतपणात बाळामागून पडते ती. गरोदर नसलेल्या बाईच्या अंगात वारच नसते, त्यामुळे त्या आकड्याची ओळख कोतवालाला कधी झालेलीच नसते. पोरीनं वीस वर्षं हिवताप सोसलेला असू दे, पहिल्या गरोदरपणात तिचं शरीर या एका वेशापुढे अगदी नवखं असतं. जंतू वारेत साचतात. बाईला कधी कधी तापही येत नाही. बोटाच्या रक्तात जंतू सापडतीलच असंही नाही, कारण ते वारेत बसलेले. पण तिचं रक्त कमी होत जातं, बाळाला पोषण पुरत नाही, बाळ कमी वजनाचं होतं, कधी पोटातच जातं. मग घरात म्हणतात, पहिलटकरीण होती, दृष्ट लागली, हिचंच काही चुकलं. तिचं काही चुकलेलं नसतं. गरोदर बाईला मच्छरदाणीशिवाय एक रात्रही झोपू देऊ नका. अंग मोडून आलं, फिकटपणा वाढला, तर तपासणी करून घ्या. पट्टीवर काही आलं नाही आणि त्रास चालूच राहिला, तर आरोग्य केंद्रात डॉक्टरला दाखवा. गरोदरपणात गोळ्या वेगळ्या असतात, त्या डॉक्टरनंच ठरवायच्या. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तिला देऊ नका.

आता दुसरा हिवताप, 'पीव्ही'. त्याची चाल वेगळी आहे. तो वेश बदलण्यापेक्षा झोप काढतो. डास चावल्यावर यकृतात गेलेले काही जंतू रक्तात उतरतच नाहीत. तिथेच गाढ झोपतात. झोपलेल्याला कोतवाल ओळखत नाही. रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही. काही आठवडे, काही महिने गेले की उठतो आणि रक्तात येतो. नवा डास चावलेला नसतानाही बाईला ताप येतो.

इथे मला माझं स्वतःचं सांगायचं आहे. सभेत सांगू की नको असं वाटत होतं, पण सांगते.

मी वरोऱ्याची. समाजकार्याची पदवी घेऊन धानोरा भागात कामाला लागले. पहिल्याच पावसाळ्यात मला ताप आला. पट्टीवर पीव्ही निघाला. आशाताईनं तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन दिलं. तिसऱ्या दिवशी मी ठणठणीत. उपाशीपोटी गोळी घ्यायची, मग पोटात आग व्हायची. गटांचे हिशोब अपुरे होते. पाचव्या दिवसानंतर मी गोळ्या बंद केल्या. नऊ गोळ्या पाकिटात तशाच राहिल्या. आणि त्याच आठवड्यात एका गटात मी बायकांना सांगत होते, "औषध पूर्ण घ्या बरं का."

दिवाळीच्या आसपास मला पुन्हा थंडी भरली. तेव्हा कळलं की क्लोरोक्विन रक्तातल्या जंतूंना मारतं, यकृतात झोपलेल्यांना नाही. त्यांना मारणारी गोळी प्रायमाक्विन, आणि तीच मी पाकिटात ठेवली होती. पण माझं दुखणं एवढं मोठं नव्हतं. मी ज्या घरी खोली करून राहत होते, त्या घरातलं साडेतीन वर्षांचं लेकरू. माझ्यानंतर त्याला ताप आला. त्यालाही पीव्ही. माझ्यामुळेच आला, असं सिद्ध करता येणार नाही. त्या गावात डास काही माझ्या एकटीसाठी नव्हते. पण माझ्यामुळे आला नसेल, असंही मला म्हणता येत नाही. त्याची आई मला एका शब्दानं बोलली नाही. ती त्याला रोज गोळी देताना मी बघत होते. पोरगं तोंड फिरवायचं, ती गुळाच्या खड्यावर समजूत काढायची. चौदा दिवस. एकही दिवस चुकला नाही. शिकलेली मी होते. गोळ्या तिनं पूर्ण केल्या. तो आता अंगणवाडीत जातो, चांगला आहे.

म्हणून मी तुम्हाला उपदेश करत नाही. मी चुकले, एवढंच सांगते आहे.

प्रायमाक्विनबद्दल दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. ती जेवणानंतर घ्यायची. गरोदर बाईला आणि एक वर्षाखालच्या बाळाला ती देत नाहीत. अंगावर पाजणारी बाई असेल तर आधी सांगायचं. आणि काही लोकांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, त्यांना ही गोळी सोसत नाही. गोळी सुरू असताना लघवी काळपट, चहासारखी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून लगेच आरोग्य केंद्रात जायचं. मळमळ झाली म्हणून मात्र थांबवायची नाही. पीएफमध्ये तीन दिवसांच्या रंगीत पाकिटासोबत प्रायमाक्विन एकदाच देतात. त्यानं तुमचा ताप लवकर उतरत नाही. जंतूचं जे रूप तुमच्यातून डासात जातं, त्याला ती मारते. म्हणजे ती गोळी तुम्ही शेजारणीच्या लेकरासाठी खाता.

हा जंतू शरीरालाच फसवतो असं नाही. तो औषधालाही फसवायला शिकतो. क्लोरोक्विन एकेकाळी सगळ्या हिवतापावर चालायचं. १९७३ मध्ये आसाममध्ये पहिल्यांदा असा पीएफ सापडला जो क्लोरोक्विनला दाद देत नव्हता. हळूहळू तो पसरला, म्हणून आता पीएफला दोन औषधं एकत्र असलेलं पाकीट देतात. एका औषधातून निसटला तर दुसऱ्यात सापडावा. त्यातलं मुख्य औषध चीनमधल्या तू यूयू नावाच्या बाईनं शोधलं. जुन्या ग्रंथात तापावर सांगितलेल्या एका वनस्पतीतून त्यांनी ते काढलं, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जंगलातल्या झाडपाल्याला कमी लेखू नये, हे मी म्हणूनच म्हणते. पण तो झाडपाला प्रयोगशाळेत तपासला गेला, किती द्यायचा, किती दिवस द्यायचा हे ठरलं, तेव्हा त्याचं औषध झालं. अर्धी मात्रा घेतली की कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढच्या हंगामाला बी म्हणून निवडून चिवटच ठेवल्यासारखं होतं ते. धानाचं बी निवडणाऱ्या बायकांना हे मी समजवायला नको.

तपासणीच्या पट्टीलाही तो चकवू लागला आहे. पीएफ ओळखणारी पट्टी जंतूनं रक्तात सोडलेला एक ठरावीक पदार्थ पकडते. काही जंतूंनी तो पदार्थ बनवणंच सोडलं. हे पहिल्यांदा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात लक्षात आलं, २०१० मध्ये. नंतर आपल्या शेजारच्या छत्तीसगडसह भारतातही असे जंतू थोड्या प्रमाणात सापडले. म्हणून पट्टीवर रेघ आली नाही आणि ताप चालूच असेल, तर काचपट्टीवर रक्त देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. उलटंही होतं. तो पदार्थ बरं झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतो, त्यामुळे पट्टी पुन्हा रेघ दाखवू शकते. घाबरू नका, तेव्हाही काचपट्टीच करा. पट्टीवर विश्वास ठेवायचा, पण ती शेवटचा शब्द नाही.

रूप बदलणारा हा एकटाच नाही. कोरोनात आपण पाहिलं. पहिली लाट सोसलेल्यांनाही पुढे डेल्टा झाला, मग ओमायक्रॉन आला. तो विषाणू लोकांमध्ये पसरता पसरता बदलत गेला. हिवतापाचा जंतू एकाच माणसाच्या अंगात बसून बदलतो. म्हणून त्याच्यावर लस बनवायला इतकी वर्षं लागली. आता आफ्रिकेतल्या लेकरांसाठी दोन लसी आल्या आहेत. त्यातली एक ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी तयार केली आणि आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. ती साड्यांच्या भानगडीत पडतच नाही. डासानं सोडलेला जंतू यकृतात पोचायच्या आधी, वाटेतच त्याला गाठते. पण आपल्या गावात ती लस अजून नाही. आपल्याकडे आहे ती मच्छरदाणी, पट्टी आणि गोळी.

आणि ढिलाई केली की काय होतं, हे देशानं एकदा भोगलं आहे. १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. घरोघर फवारणी झाली. १९६५ पर्यंत देशात वर्षाला जेमतेम एक लाख रुग्ण उरले. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. लक्ष कमी झालं, डास फवारणीला सरावले, जंतू औषधाला सरावला, आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांच्या वर गेले. मी पाचव्या दिवशी गोळ्या सोडल्या, तेच देशानं केलं होतं. आता २०३० पर्यंत देशातून हिवताप घालवायचं ठरलं आहे. राज्यात हिवतापाचा मोठा भार वर्षानुवर्षं आपल्या गडचिरोलीवर आहे, तेव्हा हे काम आपल्याच गावांत होणार किंवा अडणार.

मग गटांनी काय करायचं? आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. बैठकीत बचत, कर्ज, परतफेड झाली की पाच मिनिटं या पाच गोष्टींना द्या.

एक. ताप आला की त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं. "दोन दिवस पाहू" म्हणायचं नाही.

दोन. गटात जिला हिवताप निघेल, तिची एक जोडीदारीण ठरवायची. तिनं रोज संध्याकाळी घरी जाऊन जेवणानंतर गोळी घेतली का ते बघायचं आणि इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर रेघ मारायची. पीव्ही असेल तर चौदा रेघा झाल्याच पाहिजेत.

तीन. मच्छरदाणी घरातच राहते आणि आपण बाहेर झोपतो. धानाच्या जागलीला, मोहफुलाच्या दिवसांत, मिरची तोडायला तेलंगणात जाताना ती गाठोड्यात बांधा. औषध चालू असेल तर उरलेल्या गोळ्या आणि तपासणीची चिठ्ठीही सोबत घ्या. आणि कुर्माघरात पाळीच्या दिवसांत जी पोरगी झोपते, तिच्याजवळ मच्छरदाणी असते का? कुर्माघराची चाल सोडायची की नाही, हा वाद आपण गावागावात वेगळा घालू. पण तोवर तिथे मच्छरदाणी बांधायला कुणाची परवानगी लागत नाही.

चार. गावात कोण गरोदर आहे हे आपल्याला आशाताईच्याही आधी कळतं. तिची मच्छरदाणी फाटकी नाही ना, ते गटानं बघायचं.

पाच. सिकलसेलची तपासणी करून घ्या. ही गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. जंतू जसा बदलला, तसं हजारो वर्षांत माणसाचं रक्तही बदललं. ज्याला आईकडून किंवा बापाकडून, एकाच बाजूनं सिकलसेल आला, त्याला जिवावर बेतणारा हिवताप कमी होतो. हिवतापाच्या मुलखात हा गुण टिकून राहिला तो यामुळे. पण दोन्ही बाजूंनी आला तर तो आजार होतो, आणि अशा लेकराला हिवताप झाला तर जास्तच घातक. म्हणून लग्नाआधी तपासणी, आणि वाहक असलात तरी तापाला औषध पूर्णच.

भाषण संपल्यावर एका मावशीनं उठून विचारलं, "मंग आमच्या अंगानं साठ वर्षं जे शिकलं, ते सारं वाया गेलं का?" तेव्हा मी गडबडीत नीट बोलले नाही. इथे लिहिते.

नाही मावशी, वाया नाही गेलं. तुम्ही आज समोर बसून प्रश्न विचारता, ते तुमच्या अंगानं शिकल्यामुळेच. पण ते शिकणं नातवाच्या अंगात जात नाही. फार तर जन्मल्यावर काही महिने त्याच्या आईची ओळख त्याला पुरते, मग त्याला पहिल्या साडीपासून सुरुवात करावी लागते, आणि त्या शाळेत सगळीच लेकरं पास होत नाहीत. अंगानं शिकलेलं देता येत नाही. तोंडानं सांगितलेलं देता येतं. तुम्ही सुनेला सांगा की ताप उतरला तरी पाकीट संपव. तुमचं ती ऐकेल, माझ्यापेक्षा जास्त ऐकेल.

सगळ्या गटांना विनंती: पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात जोडीदारणीचा ठराव घ्या आणि पावसाळा संपल्यावर ती मागची पानं घेऊन संघाच्या सभेला या. मी माझंही पान आणणार आहे. माझ्या नऊ रेघा तेव्हा राहिल्या होत्या, दुसऱ्या वेळी चौदाच्या चौदा झाल्या.

जय सेवा.